पंख्याची फिर्याद

न्यायालयाच्या आवारात वीस वर्षे वावरल्यावर माणसाचे कान फार तीक्ष्ण होतात, अशी लोकांची समजूत असते. आमचा अनुभव नेमका उलटा आहे. वकिलाचे कान हळूहळू निबर होत जातात. सकाळी अशिलांची गाऱ्हाणी, दुपारी प्रतिपक्षाचा युक्तिवाद, सायंकाळी कारकुनाची कुरकुर आणि रात्री घरची मंडळी जे काही म्हणतील ते. इतके सगळे ऐकावयाचे म्हटल्यावर त्यातले थोडे न ऐकण्याची कला साधावीच लागते. या कलेच्या सोयीसाठी आमच्या मनाने एक सिद्धांतही फार पूर्वीच ठरवून टाकला होता: जो मोठ्याने बोलतो त्याची बाजू लंगडी असावयाची. ज्याच्याजवळ कागद असतो तो हळू बोलतो. ज्याच्याजवळ नसतो तो टेबलावर मूठ आपटतो. या सिद्धांताने आम्हांला पुष्कळ प्रकरणांत हात दिला. तो एखाद्या दिवशी आमच्याच अंगावर उलटेल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते; आणि तो उलटवील तळहातापेक्षा लहान असा एक पंखा, हे तर कोणी सांगितले असते तरी आम्ही हसलो असतो.

आमचा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे. दावे, कैफियती, पुराव्याचे कागद, सारे त्याच्या पोटात असते. टेबलावर आमच्या सौभाग्यवतींनी विणलेले क्रोशाचे आच्छादन आहे व त्या आच्छादनावर हा लॅपटॉप विराजमान असे. गेल्या चैत्रापासून त्याने गुणगुणावयास आरंभ केला. प्रथम वाटले, खोलीत भुंगा शिरला असावा. वैशाखात भुंग्याचा आवाज वाढला आणि आषाढात आमची कन्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारू लागली, "बाबा, आज तुमचा लॅपटॉप कसले वाटप काढतो आहे?" मिक्सरमध्ये नारळ आणि मिरच्या फिरत असताना जी घरघर होते, तिच्याशी त्याचे साम्य खरोखरच विलक्षण होते.

यावर आम्ही जे उपाय केले ते कोणताही सुशिक्षित गृहस्थ करील तेच होते. त्याला एक चापट मारली. त्याच्या मागच्या बाजूस कायद्याच्या अहवालाचे दोन खंड टेकू म्हणून दिले. मग खोलीचे दार लोटून घेतले, जेणेकरून निदान घरच्यांना आवाज ऐकू जाऊ नये. चापटीने काही झाले नाही. टेकूने मात्र थोडा उतार पडला. आणि तो का पडला असावा याचा विचार आम्ही तेव्हाच केला असता, तर पुढचे बरेचसे टळले असते. परंतु आवाज कमी झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांपैकीच आम्ही एक होतो.

आषाढातल्या एका रात्री बाहेर पावसाची झड लागली होती आणि आम्ही एक नोटीस लिहीत बसलो होतो. ही नोटीस कोणा अशिलाची नव्हती. आमच्या गावच्या देवस्थानाचा कारभार, गोव्यातल्या इतर देवस्थानांप्रमाणेच, १९३३च्या नियमावलीला धरून महाजनांची समिती पाहते. समितीचे कायदेविषयक लिखाण आमच्याकडे असते. तेही महाजनकीच्या नात्याने, म्हणजे बिनपैशाने. नोटीस द्यावयाची होती ती देवळातल्या एका वृद्ध सेवेकऱ्याला. त्यांना सारा गाव मामा म्हणतो, आम्हीही म्हणतो. वाचकांपैकी बहुतेकांच्या देवळात असे एक मामा असतीलच. पहाटे देवळाचे दार उघडल्यापासून रात्री ते बंद होईपर्यंत ज्यांचा वावर कोणाला जाणवत नाही, आणि जे दोन दिवस आजारी पडले तर मात्र सगळ्यांनाच जाणवतो, अशा माणसांपैकी ते एक.

मामांच्या विरुद्ध तक्रारी पुष्कळ आल्या होत्या. ते भाविकांवर खेकसतात. आरती चालू असता मागे उभे राहून पुटपुटतात. अभिषेकाचे ताट उशिरा दिले म्हणून कोणी विचारले, तर उलट उत्तर देतात. मुंबईहून कुलदेवतेच्या दर्शनाला आलेल्या एका कुटुंबातील मुलीला त्यांनी सर्वांदेखत इतके टाकून बोलले, की ती पोर रडली. समितीच्या बैठकीत हे सारे वाचून दाखविण्यात आले. पाच मिनिटांत एकमत झाले की माणूस बदलावा. मजकूर आमच्यावर सोपविण्यात आला.

आम्ही तिसऱ्या परिच्छेदात होतो. "सबब आपणांस कळविण्यात येते की" येथवर आलो आणि लॅपटॉपची घरघर एकदम टिपेला पोहोचली. अक्षरे बोटांच्या मागे रेंगाळू लागली. एक अक्षर दाबावे आणि ते उमटेपर्यंत तपकिरीची चिमूट ओढावी, इतका अवकाश. तळाला हात लावला तर तवा. आणि मग काही न बोलता पडदा काळा झाला. इतके दिवस तो आवाज बंद व्हावा म्हणून आम्ही किती तळमळलो होतो! तो बंद झाला तेव्हा मात्र आमच्या छातीत धस्स झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्तीच्या एका दुकानात गेलो. तेथील तरुणाने यंत्र न उघडताच निदान केले. मुख्य पट्टी गेली असावी. ती बदलण्यापेक्षा नवा लॅपटॉप घेणे परवडेल. तरीही ठेवून जायचे असल्यास दहा दिवस लागतील. आम्ही विचारले, "न उघडताच?" तो म्हणाला, "आवाजावरून कळते." त्याच्या या वाक्याने आम्हांला किंचित राग आला. आपण स्वतः जे रोज करतो ते दुसऱ्याने केलेले पाहिले की माणसाला असा राग येतो.

घरी आलो तो भाचा आलेला. तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याने लॅपटॉप थंड झाल्यावर सुरू केला, तो सुरू झाला, कान लावून ऐकले, आणि म्हणाला, "मामा, पंखा गेला आहे. घरीच बदलू. तुम्ही करा, मी सांगतो." आमच्या हातून गेल्या कित्येक वर्षांत समईची वात सारण्यापलीकडे कोणतेही यांत्रिक काम झालेले नव्हते. तथापि भाच्यासमोर माघार घेणे मामाच्या नात्याला शोभले नसते.

वकिलाने आणखी एका गोष्टीची खात्री करून घेतली. विकत घेतलेली वस्तू मालकाने स्वतः उघडावी की नाही, हा प्रश्न आज जगभर कायद्याचा झाला आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०२२ साली डिजिटल इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दुरुस्तीचा हक्क मान्य करणारा कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ साली त्या विषयावर निर्देश काढला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली याच विचारासाठी समिती नेमली. आमच्या लॅपटॉपची हमीची मुदत केव्हाच संपलेली होती, म्हणून आमच्या घरापुरता हा वाद निकालात निघाला होता. ज्यांची मुदत चालू आहे त्यांनी मात्र स्क्रूला हात लावण्यापूर्वी हमीपत्र एकदा वाचावे, हा सल्ला येथे फी न घेता देत आहोत.

पंखा मागविताना भाच्याने एक धडा दिला. लॅपटॉपचे नाव सांगून पंखा मागवावयाचा नाही. एकाच नावाच्या यंत्रांत दोन-तीन जातींचे पंखे असतात. यंत्र उघडावे, जुन्या पंख्याच्या पाठीवर जो क्रमांक छापलेला असतो तो पाहावा आणि त्याच क्रमांकाचा नवा मागवावा. तारा किती आहेत तेही मोजावे. आमच्या पंख्याला चार तारा होत्या: दोन विजेच्या, तिसरी पंखा किती वेगाने फिरतो आहे हे यंत्राला कळविणारी, आणि चौथी किती वेगाने फिर अशी यंत्राची आज्ञा पंख्याला पोहोचविणारी. म्हणजे हा पंखा आपल्या मनाने धावत नाही. वरून हुकूम येतो, तेवढा तो धावतो. हे वाक्य भाचा सहज बोलून गेला; आम्हीही ते तेव्हा सहजच ऐकले.

आठवड्याने नवा पंखा आला. चार माणसांनी बऱ्याशा उपाहारगृहात एक वेळ जेवावे, तेवढीच त्याची किंमत. रविवारी सकाळी देवपूजा आटोपून आम्ही जेवणाच्या टेबलावर पांढरे पंचे अंथरले. भाचा शेजारी, कन्या हाती विजेरी घेऊन समोर, आणि सौभाग्यवती दारात. त्यांची मुद्रा शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखी.

प्रथम यंत्र पूर्ण बंद केले व विजेची तार काढली. तळाचे स्क्रू काढले. त्यांतील दोन रबरी पायांच्या खाली दडलेले होते. सगळे स्क्रू सारख्या लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आतल्या पट्टीला भोक पाडतो. म्हणून कन्येने कागदावर लॅपटॉपच्या तळाचे चित्र काढले आणि ज्या त्या जागी तो तो स्क्रू पानाच्या डब्यातल्या वाट्यांत ठेवला. तळाचे झाकण कडेने प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उचकटले. लोखंडी सुरी येथे वापरू नये. झाकण निघताच पहिले काम बॅटरीची जोडणी सोडविण्याचे. नंतर घरातल्या नळाला हात लावून अंगची स्थिर वीज उतरविली. पावसाळी हवेत ती फारशी साठत नाही, परंतु शिरस्ता तो शिरस्ता.

मग प्रथमच आम्ही आमच्या यंत्राचे अंतरंग पाहिले. मध्यभागी आगपेटीपेक्षा लहान अशी एक चकती. सारी बुद्धी तिच्यात आणि सारी उष्णताही तिच्यातच. तिच्यावर तांब्याची पट्टी बसविलेली. पट्टीपासून तांब्याची एक चपटी नळी निघून कोपऱ्यापर्यंत गेलेली. ही नळी भरीव नसते. तिच्यातली हवा काढून घेऊन थोडेसे पाणी कोंडलेले असते. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी थोड्या उष्णतेनेही वाफ होते, दुसऱ्या टोकाला जाऊन उष्णता टाकते, पुन्हा पाणी होते आणि आतल्या बारीक जाळीतून, समईच्या वातीतून तेल चढावे तसे, परत मूळ जागी येते. १९६३ साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे जॉर्ज ग्रोव्हर या शास्त्रज्ञाने अशी नळी करून दाखविली. तीच युक्ती आज आपल्या मांडीवर बसते. नळीच्या दुसऱ्या टोकाला धातूच्या अतिशय पातळ पात्यांची एक फणी असते. त्या फणीतून हवा फुंकून उष्णता बाहेर घालविणे, एवढेच पंख्याचे काम.

पंखा तीन स्क्रूंनी बसविलेला होता. ते काढले, तारेची टोपी नखाने अलगद सोडविली, जुना उचलला, नवा ठेवला. झाकण लावले. यंत्र सुरू केले आणि सगळे कान टवकारून उभे राहिलो. आवाज नाही! केवळ झुळूक वाहावी तसा एक सुस्कारा. आम्ही सौभाग्यवतींकडे अशा काही नजरेने पाहिले, की जणू तो पंखा आम्हीच घडविला होता. दुपारी जेवणात खीर झाली.

खिरीची गोडी दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी एक लांबलचक कैफियत लिहीत असता नवा पंखा गुणगुणू लागला. चौथ्या दिवशी त्याने घरघर धरली. भाच्याने यंत्रात उष्णता मोजणारा एक प्रोग्रॅम घालून दिला होता. त्यावरचा आकडा पंचाण्णव अंश सेल्सिअसवर नाचत होता. शंभराच्या आसपास गेले की असली यंत्रे स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतात आणि तरीही भागले नाही तर जीव वाचविण्यासाठी बंद पडतात. आम्ही भाच्याला दूरध्वनी करून म्हटले, "पंखा वाईट निघाला. परत पाठवू." पलीकडे तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, दोन्ही पंखे वाईट कसे असतील? पंखा जिथे हवा फुंकतो तिथे काय आहे ते आपण पाहिलेच नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा पंचे अंथरले. या वेळी पंख्याबरोबर तांब्याची नळी व फणीही उचलावयाची होती. पट्टीवरच्या चार स्क्रूंवर एक ते चार असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने थोडे थोडे सैल करीत जावे, एकच कोपरा एकदम सोडू नये, नाहीतर खालच्या चकतीचा टवका उडतो. नळी हाती आली. पंखा बाजूला केला. आणि पंख्याचे तोंड व फणी यांच्या मधल्या फटीत, बाहेरून पाहणाऱ्याला कधीच दिसणार नाही अशा जागी, एक घोंगडी होती.

घोंगडी हा शब्द आम्ही अलंकार म्हणून वापरीत नाही. सहा वर्षांची तांबडी धूळ, क्रोशाच्या आच्छादनाचे तंतू, केस, उदबत्तीची राख, सारे एकमेकांत गुंतून, दाबून, जाड नमद्यासारखे झाले होते. चिमट्याने धरून ओढले तर ते अखंड, फणीच्या लांबीएवढे बाहेर आले. त्याच्या पलीकडची पाती नव्यासारखी चकाकत होती. तिथवर हवा पोहोचलीच नव्हती.

आम्ही ती घोंगडी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. म्हणजे चैत्रापासून हा पंखा जे सांगत होता ते हे. वाट बंद आहे. वरून हुकूम येतो आहे की अधिक जोराने फुंक, आणि फुंकलेली हवा जावयाला जागा नाही. म्हणून तो अधिक धावला. अधिक धावला म्हणून त्याचा आस झिजला. आस झिजला म्हणून तो कुरकुरला. आणि तो कुरकुरला म्हणून आम्ही त्याला काढून टाकले, दोष त्याच्याच माथी मारला, आणि त्याच्या जागी नवा आणून त्यालाही त्याच बंद दारासमोर उभा केला.

पुढचे काम अर्ध्या तासाचे होते. मऊ कुंचल्याने फणी झाडली. रबरी फुग्याने हवा मारली. तशी मारताना पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बिघडते. चकतीवरचा जुना, वाळून खडूसारखा झालेला लेप अल्कोहोलच्या बोळ्याने पुसला आणि मसुराच्या दाण्याएवढा नवा लेप लावला. धातूला धातू कितीही घट्ट बसला तरी मध्ये हवेचे सूक्ष्म कण राहतात व ते उष्णता अडवितात, म्हणून हा लेप. एक, दोन, तीन, चार या क्रमाने स्क्रू आवळले. क्रोशाचे आच्छादन टेबलावरून काढले. यंत्र तळाने श्वास घेते व आम्ही त्याचे नाक त्या नक्षीने बुजवीत होतो, हे सौभाग्यवतींना सांगण्याचे काम कन्येने केले. कायद्याच्या अहवालांच्या टेकूने उतार का पडला होता, तेही आता कळले.

यंत्र सुरू केले. काम करतानाही आकडा सत्तरीच्या आत राहिला. मग भाच्याच्या मनात काय आले कोण जाणे. त्याने पुन्हा झाकण उघडून जुना पंखा परत बसविला. तोही चालला. थोडी खरखर होती, नव्हती असे नाही; झिजलेला आस काही बरा होत नाही. परंतु आता त्याला धावण्याचे कारणच उरले नव्हते आणि हळू चालताना त्याची खरखर कानाला लागत नव्हती. निम्मा दोष त्याचा होता. निम्माच. शेवटी नवा पंखा बसविला व जुना आम्ही खणात ठेवला.

त्या रात्री यंत्र उघडताच, बंद पडते वेळी अर्धवट राहिलेला लेख त्याने आपण होऊन समोर आणून ठेवला. "सबब आपणांस कळविण्यात येते की". आम्ही ते वाक्य पुरे करावयास बोटे उचलली आणि ती तशीच राहिली.

न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षात जे पहिले सूत्र शिकवितात ते हे, की दुसरी बाजू ऐकून घेतल्यावाचून निर्णय देऊ नये. आम्ही ते न्यायाधीशांना शेकडो वेळा ऐकविले आहे. परंतु मामांची बाजू समितीत कोणी ऐकली नव्हती; ऐकावी असे आम्हीही सुचविले नव्हते. उलट दुकानातल्या त्या तरुणाप्रमाणे आम्हीही न उघडता, केवळ आवाजावरून, निदान केले होते.

सकाळी आम्ही देवळाची जुनी इतिवृत्ते काढली. बारा वर्षांपूर्वी देवळात चार माणसे होती. एक दिवाबत्तीला, एक झाडलोटीला, एक तांब्यापितळेच्या भांड्यांना, एक पाणी, फुले व वरकामाला. एक वारला. दुसऱ्याला पणजीस नोकरी लागली. तिसरा म्हातारपणामुळे मुलाकडे राहावयास गेला. तिन्ही वेळी समितीने ठराव केला की रिकामी झालेली जागा तूर्त भरू नये. तूर्त! हा शब्द तिन्ही ठरावांत होता आणि तिन्ही ठरावांचा मसुदा आमच्या हातचा होता. दर वर्षी ताळेबंदात ती बचत दाखविताना आम्ही समितीचे अभिनंदनही केलेले आढळले. ती घोंगडी कोठून आली याचा शोध घेत गेलो, तो तिच्यात आमच्याच हातचे तंतू निघाले.

श्रावणातल्या एका दुपारी, दर्शनाची गर्दी ओसरल्यावर, आम्ही देवळात गेलो. मामा तळीच्या पायऱ्यांवर समया घासीत बसले होते. लहानमोठ्या मिळून एकवीस समया शेजारी ओळीने मांडलेल्या. चिंचेने बोटे काळवंडलेली. आम्हांला पाहताच त्यांची मुद्रा ताठ झाली. नोटिशीची कुणकुण त्यांना लागलेली असावी. आम्ही पायरीवर बसलो व म्हणालो, "मामा, तुमचे म्हणणे ऐकायला आलो आहे."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. समईचा कमळदांडा घासीत राहिले. मग म्हणाले, "चार जाणांचें काम हांव एकलो करतां, वकीलबाब. ओगी रावल्यार कोणाक कितें कळटा? बोबाटलों म्हूण तरी तुमी आयल्यात."

या युक्तिवादाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. बारा वर्षांत आम्ही त्यांच्याकडे दुसऱ्या कोणत्याही कारणाने गेलो नव्हतो, ही गोष्ट खरीच होती. थोड्या वेळाने त्यांनी आपण होऊनच त्या मुलीचा विषय काढला. "त्या चेडवाक हांव खर उलयलों, तें म्हजें चुकलें." त्या दिवशी पहाटे तीन वाजल्यापासून ते उभे होते, पण ही सबब त्यांनी सांगितली नाही, ती आम्हांला मागाहून भटजींकडून कळली.

भाद्रपदातील बैठकीत आम्ही नोटिशीऐवजी ते तीन ठराव वाचून दाखविले आणि त्यांचा मसुदा कोणाचा होता हेही सांगितले. चर्चा दोन तास चालली. नवरात्र तोंडावर आले होते. मखरोत्सवाच्या नऊ रात्री दिवे लावणारा एकच वृद्ध, हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर मंडळी थोडी नरमली. एक जागा ताबडतोब भरावी असे ठरले. दुसरी तूर्त तशीच ठेवावी असेही ठरले. "तूर्त" या शब्दापुढे आम्ही या वेळी मुदतीची तारीख घालून घेतली. वकिलाला एवढे तरी यावयासच हवे. मामांनी भाविकांशी सौम्य बोलावे, हेही ठरावात आहे व ते त्यांनी मान्य केले आहे. ते अजून पुटपुटतात. सहा वर्षांत झिजलेला आस आठ दिवसांत गुळगुळीत होत नाही, आणि येथे तर बारा वर्षे होती.

नवरात्रापूर्वी देवळातील सारी पितळ घासून निघते. आता त्याच सुमारास आम्हीही आमच्या लॅपटॉपचे झाकण उघडून फणी झाडावी, असा नेम केला आहे. यंदा नेमाप्रमाणे ते काम करीत असता खणातला जुना पंखा हाती लागला. सायंकाळी देवळात जाताना तो खिशात घालून नेला आणि मामांना सारी हकीकत सांगितली. नोटिशीचा भाग सांगताना आमची जीभ जरा अडखळली. त्यांनी तो ऐकूनही न ऐकल्यासारखे केले.

त्यांनी पंखा हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला, पात्यांवर फुंकर मारली. तो खरखरत दोन-चार फेरे फिरला. त्यांनी पुन्हा फुंकर मारली व कानाशी धरला. मग शेजारच्या समईतले बोटभर तेल घेऊन त्याच्या मध्यावर एक थेंब सोडला, पाते बोटाने चार वेळा फिरविले आणि पंखा आमच्या हातावर ठेवीत म्हणाले, "इल्लें तेल घालपाक जाय आशिल्लें, बाब."

आणि ते सांजेचे दिवे लावावयास उठले. नवा मुलगा काडेपेटी घेऊन त्यांच्या मागे मागे जात होता.